झाडांखालच्या सावलीत लॉन नको, नेचे लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे महिना अर्धा उलटला की पुण्यातल्या बहुतेक गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीच्या बैठकीत बागेचा विषय निघतो. पाऊस तोंडावर आलेला असतो, अंदाजपत्रकात बागेसाठी थोडी रक्कम शिल्लक असते आणि इमारतीच्या मागे, जुन्या झाडांच्या दाट सावलीत, काय करावे ते कोणालाच न सुचल्याने वर्षानुवर्षे उघडा पडलेला मातीचा एक पट्टा असतो. ठेकेदार येतो, पट्ट्याकडे एकदा पाहतो आणि दोनच पर्याय सांगतो : लॉन घालू, नाही तर पेव्हर ब्लॉक बसवू. आमच्या संस्थेने पहिला पर्याय तीनदा स्वीकारला आणि तिन्ही वेळा दिवाळीच्या आत त्या हिरवळीला टक्कल पडले. चौथ्या वेळी पेव्हर ब्लॉकचा ठराव येऊ घातला, तेव्हा बँकेतून निवृत्त झालेला आणि म्हणून रिकामा समजला जाणारा सभासद या नात्याने तो पट्टा माझ्या गळ्यात पडला. तीन पर्जन्यवृक्ष (रेन ट्री), एक रायवळ आंबा, एक जांभूळ आणि त्यांच्याखालची साधारण हजार चौरस फूट जमीन यांच्या सोबतीने काढलेल्या सहा वर्षांत जे पटले ते आपल्या दैनिकाद्वारे इतर संस्थांपर्यंत पोहोचावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

लॉनचे गवत ही उघड्या माळावरची वनस्पती आहे. तिला दिवसातून निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते, आणि झाडाखाली ते मिळत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही आपण झाडाखाली गवतच लावत राहतो, कारण बाग म्हणजे हिरवळ आणि कडेने फुलझाडे हे चित्र डोक्यात पक्के बसलेले असते. झाडाखालची जागा ही मुळात जंगलाच्या तळासारखी जागा आहे, आणि जंगलाच्या तळाशी आनंदाने राहणाऱ्या नेच्यांची, म्हणजे फर्नची, आणि कंदवर्गीय, बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणाऱ्या) वनस्पतींची आपल्या सह्याद्रीत कमतरता नाही. प्रश्न फक्त निवडीचा आहे, आणि ती निवड करताना मी सुरुवातीला जी चूक केली ती बहुतेक जण करतात, म्हणून ती आधी सांगतो.

सावलीतल्या बागेविषयी जे काही वाचायला मिळते ते बहुतांशी इंग्लंड-अमेरिकेतले असते. त्यात होस्टा, हेलेबोर, ॲस्टिल्बी अशी नावे आणि मोहात पाडणारी छायाचित्रे असतात. मीही त्या मोहात पडलो आणि एका ऑनलाइन विक्रेत्याकडून होस्टाचे सहा गड्डे मागवले. पहिल्या पावसाळ्यात त्यांना सुंदर पट्टेदार पाने आली, दुसऱ्या वर्षी तळहाताएवढी आली आणि तिसऱ्या वर्षी काहीच आले नाही. होस्टाला हिवाळ्यात काही आठवडे कडाक्याची थंडी सोसून झोपावे लागते, तरच तो पुढच्या वर्षी जोमाने उठतो. पुण्यातला डिसेंबर एखाद्या रात्री आठ-दहा अंशांवर उतरला, तरी दुपारी तापमान तिशीच्या घरात जाते, आणि बिचाऱ्या गड्ड्याला आपण कधी झोपावे तेच कळत नाही. विक्रेत्याला दोष देऊन उपयोग नाही. मी झाड विकत घेतले, त्याचे पंचांग मात्र पाहिले नाही.

हे पंचांग समजून घेणे हाच माझ्या मते सगळ्या निवडीचा पाया आहे. इंग्लंडातल्या ओक-बीचच्या वनात हिवाळाभर झाडे निष्पर्ण असतात, जमिनीत ओल भरपूर असते आणि मे महिन्यात वरचे छत पानांनी मिटण्याआधी तळावर ऊन येते. त्या दीड-दोन महिन्यांच्या फटीत स्नोड्रॉप, वुड ॲनिमोन, ब्लूबेल फुलून घेतात. आपल्या पानझडी जंगलात नेमके उलटे घडते. साग, ऐन, पळस यांची पाने गळतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. तेव्हा तळावर ऊन येते, पण जमीन भेगाळलेली असते. पाणी येते जूनमध्ये, आणि पाण्याबरोबरच वरचे छतही भरू लागते. म्हणून आपल्याकडच्या तळावरच्या वनस्पतींनी स्वतःची अशी एक रीत शोधून काढली आहे : आठ महिने कंदाच्या रूपात जमिनीखाली पडून राहायचे आणि पहिल्या पावसाच्या चाहुलीला, कधी कधी तर त्याही आधी, फूल वर काढायचे. भुईचाफ्याचे जांभळट-पांढरे फूल ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, थेट जमिनीतून उगवते. ठाणे-रायगडकडच्या वाचकांना शेवळाची ओळख करून देण्याची गरज नाही. पहिल्या पावसाबरोबर त्याचा फुलोरा उगवतो, त्याची खाज मोडण्यासाठी काकड या आंबट फळांबरोबर भाजी केली जाते आणि त्याचे छत्रीसारखे पान त्यानंतर सावकाश येते.

ज्या बागेला उन्हाळ्यात टँकरचे पाणी देणे परवडत नाही, आणि नैतिकदृष्ट्या परवडूही नये, तिच्यासाठी असे झोपाळू कंद म्हणजे वरदानच आहेत. त्यांना चार महिने आभाळाचे पाणी पुरते आणि उरलेल्या काळात त्यांना पाणी न देणे हीच त्यांची निगा असते. आमच्या पट्ट्यात भुईचाफा, रानहळद आणि पेव हे तिघे मुख्य आहेत. रानहळदीची रुंद, शिरा उठून दिसणारी पाने आणि त्यांतून वर येणारी गुलाबी-जांभळी कणसे पर्जन्यवृक्षाच्या विरळ सावलीत उत्तम येतात. पेव मात्र माझा विशेष आवडता आहे. त्याचे खोड सरळ न वाढता जिन्यासारखे वळत जाते, पाने त्या वळणावर मांडलेली असतात, आणि ऑगस्टपासून लालसर कणसातून कागदासारखी पांढरी फुले एकेक करून उमलू लागतात. तो कमरेच्या वर वाढतो, म्हणून मागच्या रांगेत लावावा. सोनटक्का अर्थातच सर्वांना हवा असतो, कारण गणपतीच्या दिवसांत त्याच्या वासाशी आपल्या आठवणी बांधलेल्या आहेत. पण त्याला पाय ओले ठेवायला आवडते, आणि जिथे छताचे पन्हळ उतरते किंवा पाण्याची टाकी वाहते अशा जागेखेरीज त्याला इतरत्र लावू नये. तेरडा बहुवर्षायू नाही, म्हणून तो माझ्या यादीत बसत नाही, परंतु एकदा मूठभर बी टाकले की तो दर जूनला न बोलावता येतो आणि मोकळ्या फटी भरून काढतो, तेव्हा त्याला अपवाद म्हणून माफ करावे.

आता सावलीविषयी. सावली ही एकाच प्रकारची नसते आणि ती वर्षभर एका जागी थांबत नाही. परदेशी लेखनात इमारतीची उत्तरेकडची बाजू नेच्यांसाठी सुरक्षित मानलेली असते, कारण त्या देशांत त्या बाजूला दुपारी बारमाही सावली असते. पुणे सुमारे साडेअठरा अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि त्या दोन तारखांच्या दरम्यान तो किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे डिसेंबरात ज्या पंधरा मीटर उंच इमारतीची भर दुपारची सावली उत्तरेकडे साडेतेरा मीटर लांब पडते, त्याच इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीवर ऐन जूनच्या तोंडाशी ऊन येते. आमच्या पहिल्या वर्षीच्या हंसराज या नेच्याच्या वीस कुंड्या याच अज्ञानापायी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात करपल्या. तेव्हापासून मी सर्वांना एकच सांगतो की, रोप आणण्याआधी कागदावर पट्ट्याचा नकाशा काढावा, आणि एकदा डिसेंबरात व एकदा मेमध्ये, सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि पाच वाजता ऊन कुठवर येते त्याच्या रेघा ओढाव्यात. हे काम आमच्या इमारतीतल्या दोन शाळकरी मुलींनी रांगोळीने केले आणि माझ्यापेक्षा चांगले केले.

सावलीचा दर्जा झाडागणिकही बदलतो. पर्जन्यवृक्षाची पाने संध्याकाळी आणि ढगाळ हवेत मिटतात, त्यामुळे पावसाचे पाणी खालपर्यंत पोहोचते. त्याची बारीक पाने लवकर कुजतात आणि शेंगवर्गीय असल्याने त्यांत नत्रही चांगले असते. सावलीच्या बागेसाठी याहून सोयीचे छत मिळणे कठीण, जरी हे झाड मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतले पाहुणे असले तरी. आंब्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची सावली बारमाही आणि गडद, पाने चिवट, आणि वरच्या थरात मुळांचे जाळे इतके दाट की रिमझिम पावसाचे पाणी रोपापर्यंत पोहोचण्याआधीच आंबा पिऊन टाकतो. या कोरड्या सावलीत नाजूक नेचे लावणे म्हणजे त्यांना उपाशी ठेवणे होय. आमच्या आंब्याखाली सापपट्टा, मोंडो ग्रास म्हणून मिळणारे बुटके गवतासारखे रोप आणि कडेला अडुळसा एवढेच टिकले, आणि तेवढे पुरेसे आहे.

नेच्यांविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण रोपवाटिकेत गेल्यावर सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. पहिली गोष्ट, ज्याला आपण ॲस्परॅगस फर्न म्हणून विकत घेतो तो नेचा नव्हे. तो शतावरीचा भाऊबंद आहे, त्याला फुले येतात, लाल फळे येतात आणि त्याला बऱ्यापैकी उजेड लागतो. जत्रेत संजीवनी म्हणून विकली जाणारी, पाण्यात टाकताच उलगडणारी सुकी मूठ हीसुद्धा खरा नेचा नाही, ती नेच्यांच्या दूरच्या नात्यातली आहे. खऱ्या नेच्याला फूल, फळ, बी यांतले काहीच नसते. त्याच्या पानामागे तपकिरी ठिपके किंवा रेघा येतात आणि त्यांत धुळीसारखे बीजाणू असतात. हे ठिपके ओळीत, नेमक्या अंतरावर असतात. रोग किंवा कीड अशी शिस्त पाळत नाही. आमच्या माळीबुवांनी मात्र ती खवले कीड समजून निरोगी नेच्यांवर दोन वेळा औषध फवारले होते.

सर्वसाधारण उपयोगासाठी बॉस्टन फर्न या नावाने मिळणारा नेचा चांगला. १८९४ साली बॉस्टनला पाठवलेल्या नेच्यांच्या खेपेत एक रोप वेगळे, कमानीसारखी झुकलेली पाने असलेले निघाले आणि पुढे त्याचीच जगभर लागवड झाली, म्हणून हे नाव. आपल्याकडे तो कवडशांच्या सावलीत, आठवड्यातून दोन-तीन वेळा पाणी मिळाल्यास बारमाही हिरवा राहतो. त्याचाच सरळ, ताठ पानांचा चुलतभाऊ, ज्याला रोपवाटिकेत नुसते फर्न किंवा तलवार फर्न म्हणतात, तो जमिनीखाली पाणी साठवणाऱ्या छोट्या गाठी धरतो आणि त्यामुळे हलगर्जीपणा सोसतो; पण तो इतका पसरतो की शेजारच्या रानहळदीलाही गिळतो. त्याला विटांच्या कडेत किंवा कुंडीतच ठेवावे.

पुण्याच्या जमिनीत मला सर्वांत समाधान दिले ते मात्र एका अगदी सामान्य नेच्याने, ज्याचे शास्त्रीय नाव टेरिस व्हिटाटा. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींत, विहिरींच्या कठड्यांत, पुलांच्या सांध्यांत तो आपोआप उगवतो. बहुतेक नेच्यांना आम्लधर्मी, पाचोळ्याची माती हवी असते. आपली काळी माती आणि त्यात मिसळलेला बांधकामाचा राडारोडा अल्कधर्मी असतो. या नेच्याला चुना आवडतो, त्यामुळे जिथे इतर नेचे पिवळे पडतात तिथे हा लांब शिडीसारखी पाने काढून बसतो. २००१ साली शास्त्रज्ञांना असे आढळले की, तो जमिनीतले आर्सेनिक शोषून पानांत मोठ्या प्रमाणात साठवतो, आणि तेव्हापासून प्रदूषित जमिनी शुद्ध करण्यासाठी त्याच्यावर पुष्कळ काम झाले आहे. एखाद्या जुन्या कारखान्याच्या जागेवर उभ्या असलेल्या संस्थेने त्याचा पाला गुरांना घालू नये किंवा खतात टाकू नये, एवढे भान मात्र ठेवावे.

हंसराजाचा मोह कोणालाच सुटत नाही. काळ्याभोर चकचकीत काड्या आणि त्यांवर पंख्यासारखी कोवळी पाने. पाणी टाकले तर थेंब पानावर न पसरता घरंगळतात, आणि त्याच्या शास्त्रीय नावाचा मूळ ग्रीक अर्थही न भिजणारा असाच आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात दरडींच्या बाजूने जो हंसराज दिसतो तो दिवाळीनंतर सुकू लागतो आणि उन्हाळ्यात जमिनीवर त्याची खूण उरत नाही. तो मेलेला नसतो. त्याच्या मुळाशी जीव धरून असतो आणि पुढच्या पावसात उठतो. रोपवाटिकेतला हंसराज मात्र बहुधा ओलसर कपारीत बारमाही राहणाऱ्या जातीचा असतो आणि एकदा जरी कोरडा पडला तरी रुसतो. खरेदी करताना हा फरक विचारावा. उत्तर मिळेलच असे नाही, पण विचारावा.

बर्ड्स नेस्ट फर्न आणि आपले बाशिंग हे दोन नेचे मूळचे झाडावर राहणारे असल्याने त्यांना मातीत पुरू नये. पहिल्याच्या मधल्या खोलगट भागात वरची पाने पडून साठतात आणि कुजतात, तेच त्याचे जेवण असते. तो भाग झाडून स्वच्छ करणे ही त्याची सेवा नव्हे. बाशिंगाला दोन तऱ्हेची पाने येतात : लांब, हिरवी, खाचा असलेली पाने, आणि बुंध्याला चिकटलेली तपकिरी, ओकच्या पानासारखी कडक पाने, जी पाचोळा अडवून ठेवतात. आम्ही जांभळाच्या फांदीच्या बेचक्यात काथ्याच्या दोरीने बाशिंग बांधले होते. पहिल्याच हिवाळ्यात माळीबुवांनी सगळी तपकिरी पाने मेलेली समजून ओरबाडून काढली. तरीही ते जगले आणि आता त्याने अर्धी फांदी वेढली आहे.

बारमाही हिरवेपणा हवाच असेल, आणि संस्थेच्या सभासदांना मार्च-एप्रिलमधली उघडी माती पाहवत नाही हा माझा अनुभव आहे, तर कंदांच्या मध्ये मध्ये वर्षभर न झोपणारी काही मंडळी पेरावीत. आबोली कवडशांच्या सावलीत वर्षातले बरेच महिने फुलते आणि गोव्याकडच्या आमच्या शेजारणीला तिचा गजराही मिळतो. दशमूळीची निळी फुले हिवाळ्यात, बाग सर्वांत रिकामी दिसत असताना येतात. पिंपळीचा वेल जमिनीवर हृदयाकृती पानांची गोधडी पसरतो आणि कोपऱ्यातल्या ओलसर जागेसाठी लॉनला याहून सरस पर्याय मला सापडलेला नाही. अग्लोनेमा, पीस लिली, कॅलेथिया ही परदेशी मंडळीही सावलीत निभावतात, फक्त लहान मुले खेळतात तिथे डिफेनबाखिया लावू नये, कारण त्याचे पान चघळले तर तोंड व घसा सुजतो. वेडेलियाच्या पिवळ्या फुलांना मात्र भुलू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि तो बागेच्या कुंपणाबाहेर, नाल्याकाठी कसा माजतो ते पुण्यात कोणालाही पाहता येईल.

जमिनीची तयारी थोडक्यात सांगतो. झाडाखाली कुदळ आणि टिकाव चालवू नये. पोसणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात. बुंध्याभोवती मातीची भर घालून रोपे लावणे हे त्याहून वाईट, कारण दबलेले खोड कुजते. लहान पिशवीतली रोपे घ्यावीत, मोठ्या मुळांच्या मधल्या जागा खुरप्याने शोधाव्यात आणि प्रत्येक रोपाबरोबर दोन ओंजळी कुजलेला पालापाचोळा घालावा. हे खत विकत आणण्याची गरज नाही. कोंबडीजाळीचा एक गोल पिंजरा करून त्यात वर्षभराची पाने टाकली, अधूनमधून पाणी शिंपडले की पर्जन्यवृक्षाच्या पानांचे खत आठ-दहा महिन्यांत होते. आंब्याच्या पानांना जास्त वेळ लागतो. ज्या संस्था अजून पाने जाळतात त्यांना आठवण करून द्यायला हवी की, घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातलेली आहे. बोअरचे क्षारयुक्त पाणी नेच्यांना बाधते, पानांची टोके तपकिरी होतात. शक्य असेल तर गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवून तेच नेच्यांसाठी राखून ठेवावे.

आमच्या सर्वसाधारण सभेत या बागेला जे आक्षेप घेतले गेले ते इतरत्रही घेतले जातील. पहिला आक्षेप डासांचा. डेंग्यूचा डास झाडीत नव्हे, तर साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणजे कुंड्यांखालच्या बशा, टायर आणि झाकण नसलेल्या टाक्या यांत. म्हणून आम्ही जमिनीत लावलेल्या रोपांना बशा ठेवल्या नाहीत आणि पानांच्या बेचक्यात पाणी धरून ठेवणारे ब्रोमेलियाड जाणीवपूर्वक टाळले. दुसरा आक्षेप सापांचा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यावर उपाय म्हणून पायवाटेपासून दोन फुटांपर्यंत मोंडो ग्रास व पिंपळीसारखी बुटकीच रोपे ठेवली, उंच पेव मागे सरकवला आणि उंदरांना बोलावणारा कचऱ्याचा ढीग हलवला. तिसरा आक्षेप, हे जंगल वाटते, बाग वाटत नाही. यावर मी उत्तर दिले नाही.

ज्या आक्षेपाला खरोखर आधार होता तो कोणी घेतलाच नाही, तो म्हणजे गोगलगायींचा. मोठी आफ्रिकन गोगलगाय १८४७ साली एका हौशी इंग्रज अभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्यात आणली आणि तिचा वंश आज आपल्या पावसाळी बागांत रात्री फिरत असतो. ती रोपवाटिकेतल्या पिशवीच्या मातीतून अंड्यांच्या रूपाने येते. भुईचाफ्याचे कोवळे पान तिला विशेष आवडते. नवी रोपे पंधरा दिवस वेगळी ठेवणे आणि जुलैच्या रात्री टॉर्च व हातमोजे घेऊन गोगलगायी वेचणे याशिवाय मला दुसरा उपाय जमलेला नाही. हातमोजे आवश्यक आहेत, कारण तिच्यातून माणसाला घातक कृमींचा संसर्ग होऊ शकतो.

शेवटचा मुद्दा थोडा कटू आहे. पावसाळी सहलींहून परतणाऱ्या गाड्यांच्या डिकीत मी दर वर्षी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले हंसराज, सापकांदे आणि नेचे पाहतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाले, तरी दरडींवरून रोपे उपटणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. वर सांगितलेली गंमत अशी की, हीच रोपे नोव्हेंबरात नेमाने झोपी जातात, घरच्यांना ती मेलेली वाटतात आणि कुंडी रिकामी केली जाते. म्हणजे डोंगरावर जे पुन्हा उठले असते ते आपल्याकडे कचऱ्यात जाते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात नेचे गोळा करण्याचे असेच वेड पसरले होते. चार्ल्स किंग्जली यांनी १८५५ साली त्याला टेरिडोमेनिया असे नावही दिले, आणि त्या वेडापायी किलार्नी फर्नसारखे नेचे अनेक ठिकाणांहून जवळजवळ नाहीसे झाले. आपल्याकडे १९२२ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर ब्लॅटर आणि डी'आल्मेडा यांनी मुंबई इलाख्यातल्या नेच्यांची नोंद करून ठेवली आहे. त्या नोंदीतले नेचे डोंगरावरच पाहायला मिळावेत, एवढी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

नेचे वाढवण्यासाठी डोंगर ओरबाडण्याची गरजही नाही. जुन्या भिंतीवरच्या टेरिसचे पिकलेले, मागे तपकिरी रेघ असलेले एक पान कागदी पाकिटात दोन दिवस ठेवले की तळाशी बारीक भुकटी जमते. उकळत्या पाण्याने धुतलेली एक वीट बशीतल्या पाण्यात उभी करावी, तिच्यावर ही भुकटी भुरभुरावी आणि वर पारदर्शक डबा पालथा घालून उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवावे. काही आठवड्यांत विटेवर हिरवी बुरशी आल्यासारखे दिसते, घाबरू नये. नखाएवढ्या, हृदयाच्या आकाराच्या हिरव्या चकत्या तयार होतात आणि त्यांवर पाण्याचा पातळ थर असेल तरच त्यांच्यात फलन होते, म्हणून डबा उचलून मधूनमधून पाणी फवारावे. पुढे प्रत्येक चकतीतून मुरड घातलेले एक इवलेसे पान वर येते. आमच्या बागेतले चाळीसहून अधिक नेचे दोन विटांतून आलेले आहेत आणि त्यांचा खर्च शून्य आहे.

आपल्या दैनिकाद्वारे दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. एक, सार्वजनिक रोपवाटिकांनी पावसाळ्याआधी सावलीत येणारी देशी बहुवर्षायू रोपे, म्हणजे पेव, भुईचाफा, रानहळद, पिंपळी, दशमूळी यांची रोपे व कंद माफक दरात उपलब्ध करून द्यावेत, आणि प्रत्येक पिशवीच्या चिठ्ठीवर ते रोप कोणत्या महिन्यांत झोपते एवढी एक ओळ लिहावी. ती ओळ नसल्यामुळे किती जिवंत कंद फेकले जात असतील, याची कल्पना मला माझ्याच पहिल्या दोन वर्षांवरून येते. दुसरी विनंती महापालिकांना आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या संदर्भात झाडाभोवतीची एक मीटर जागा सिमेंटविना मोकळी ठेवण्याचे निर्देश दिले होते. आपल्या शहरांत संस्थांना आवारात पेव्हर ब्लॉक बसवण्याची परवानगी देताना किंवा त्यासाठी निधी देताना निदान तेवढी अट घालावी. त्या एका मीटरच्या वर्तुळात पेवाचे दोन कंद आणि टेरिसची तीन रोपे सहज मावतात. आमच्याकडे ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन दमदार पाऊस होऊन गेल्यावर लावली जातात, आणि यंदा विटेवरची रोपे उरणार असल्याने शेजारच्या दोन संस्थांना ती देण्याचे ठरले आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, पुणे